तांब्यातून उजेड काढणाऱ्या बाई

आमच्या बाईंचा कुठल्याही वस्तूच्या दिसण्यावर विश्वास नव्हता. पर्समध्ये जांभळ्या उजेडाची एक छोटी बॅटरी असायची. हळद, नोटा, औषधाच्या गोळ्या, समोर येईल त्यावर ती मारायच्या. कॉलेजातली पोरं त्यांना मागून ‘कंदीलबाई’ म्हणायची. बाईंना ते माहीत होतं. “कंदील तर कंदील. विझलेली तर न्हाई म्हणत ना?”

जालन्यातल्या त्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला होते. टेंभुर्णीला नववीत शाळा सुटली, लग्न झालं, नवरा एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये लागला. माझी नोकरी ठेकेदाराकडची, त्यामुळे रोज वाटायचं, आज काढतील. पहिल्याच दिवशी बाईंनी बॅटरी माझ्या पदरावर मारली. धुण्याच्या पावडरीमुळे पांढरे काठ निळे पेटले. मी दचकून मागे सरले. “भिऊ नको, कांता. तू पण चमकून राह्यलीस.”

बाई तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातल्या. पन्नाशी आली तरी वर्गातले तास संपवून पीएच.डी. करत होत्या. तांब्याची अशी संयुगं बनवायची, जी जांभळा उजेड पिऊन पिवळा उजेड देतात. भर दुपारी आम्ही खिडक्यांना घोंगड्या टांगायचो. बशीत साधी पांढरी भुकटी असायची. बॅटरी लागली की ती फुललेल्या करडईसारखी पिवळी व्हायची, आणि बॅटरी काढली की पुन्हा भुकटी. मला वाटायचं, भुकटी झोपेत काहीतरी बोलली. कितीतरी वेळ आम्ही दोघी बघत बसायचो.

“महागड्या धातूंनी पण हे होतं,” बाई म्हणायच्या. “पण मला तांब्यातच पाहिजे. तांबं आपल्या घरातलं हाये.”

या तांब्याला हवा सोसत नसे. हवा लागली की ते निळसर व्हायचं आणि उजेड बंद. म्हणून शेवटचे स्फटिक ज्या पाण्यासारख्या द्रावणातून काढायचे होते, त्याच्या बाटलीत, चुकून शिरलेली थोडी हवा तिनं झेलावी म्हणून, बाईंनी तांब्याची तार सोडून बूच घट्ट लावलं होतं. परीक्षक यायला आठवडा होता. काचसामान पुसताना मला ती तार काळवंडलेली दिसली. आमच्याकडे तांब्याचं भांडं काळं राहिलं तर सासू चार घरी सांगते. मी बूच काढलं, तार बाहेर घेतली, चिंचेनं लखलखीत घासली आणि परत सोडली. मनात म्हटलं, बाई खूश होतील.

सकाळी द्रावण निळं पडलं होतं. बाई एम.एस्सी.च्या पोरांना विचारत होत्या, कुणी बाटली उघडली? गप्प राहिले तर नोकरी वाचेल, हे मला कळत होतं.

“मी, बाई. तार घासली. चिंचेनं.”

बाईंनी बाटली उजेडात धरली. मग म्हणाल्या, “घासलीस मात्र बराबर.”

परीक्षक आले. जुनी उरलेली भुकटी त्यांच्यासमोर अगदी मंद चमकली. “काय चुकलं?” त्यांनी विचारलं. मी बेसिनपाशी पाण्यात हात घालून उभी होते, माझ्या नावाची वाट बघत.

“हवा गेली आत,” बाई म्हणाल्या. एवढंच.

सगळं पुन्हा करून दाखवा, असा निकाल लागला. म्हणजे आणखी सहा महिने. परीक्षक गेल्यावर मी विचारलं, “बाई, माझं नाव का न्हाई घेतलं?”

“काय चुकलं ते विचारलं त्यांनी. कोण चुकलं ते कुठं विचारलं?” मग स्टूल पुढे सरकवलं. “आता बस इथं. सहा महिने मी एकटी न्हाई करणार.”

त्या सहा महिन्यांत त्यांनी मला भांड्यातली हवा हाकलायला नायट्रोजन वायू सोडायला, नळी बंद करायला, वहीत लिहायला शिकवलं. “आधी हवा काढ, मंग तांबं टाक. जल्दी बिलकुल नको.” पुढे बाईंना पदवी मिळाली आणि त्यांच्या चिठ्ठीवर मला बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत हेच काम मिळालं. इथली भाषा अजून नीट येत नाही. आज काढतील, ही भीतीही गेलेली नाही.

गेल्या वर्षी जालन्याहून फोन आला. हात कामात होते, म्हणून शेजारच्या मुलीनं तो माझ्या कानाला लावला. बाई गेल्या होत्या. नायट्रोजन चालू होता, नळीचं तोंड उघडं होतं. हात सोडला असता तर हवा आत गेली असती. मी नुसतं “हो” म्हणाले. नळी बंद केली, बूच बसवलं, दाबून पाहिलं. मग खाली बसले.