थर्ड शिफ्टची बाग

"झोप झाली का?"

मामा कुणालाही भेटले की पहिल्यांदा हेच विचारत. नमस्कार नाही, रामराम नाही. समोर फिरायला आलेले निवृत्त मास्तर असोत, दूधवाला असो, नाहीतर आमच्या संस्थेचे अध्यक्ष असोत. अध्यक्षांना त्यांनी हे एकदा भर बैठकीत विचारलं आणि सगळे खाली बघून हसले, कारण अध्यक्ष खरोखरच पेंगत होते.

बजाजनगरातली ती बाग तशी लहान. चार कडुनिंब, एक सुबाभूळ, कुंपणाला लागून करंजांची रांग, मधे हिरवळीचा एक तुकडा आणि कोपऱ्यात पाण्याची मोटार. एक संस्था ती सांभाळायची आणि मी त्या संस्थेत कारकून. मामा तिथले माळी आणि राखणदार, दोन्ही. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कधी कुणाच्या तोंडी आलं नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

फाटकावर पाटी होती. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. मधल्या वेळात बाग बंद.

एकदा एप्रिलात मी भर दुपारी अचानक तपासणीला गेलो. फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत पाहतो तर झाडाझाडाखाली माणसं आडवी झालेली. कुणाच्या उशाला बूट, कुणाच्या डब्याची पिशवी. मी तोंड उघडणार एवढ्यात मामांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या हाताची पुढची दोन बोटं अर्धीच होती.

"हळू बोला साहेब. थर्ड शिफ्टवाले हायेत."

"अहो, पण बाग बंद असते या वेळी!"

"बंदच हाय की. म्हून तर शांत हाय."

मग त्यांनी मला मोटारीपाशी नेऊन कुजबुजत सगळं सांगितलं. ही माणसं रात्रभर कंपनीत उभी असतात. सकाळी खोलीवर येतात. पत्र्याची एक खोली, तीत चौघं-पाचजण. अकरा वाजले की पत्रा तापतो, लाइट जाते, दुसऱ्या पाळीचा माणूस स्टो पेटवून भाकऱ्या थापायला बसतो. "मग झोपायचं कुठं, सांगा. अन् झोप नाय झाली तर रातच्याला मशीनवर कसं उभं ऱ्हायचं?"

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं असणार. त्यांनी तो जरा वर धरला.

"कंपनीत व्हतो तवा माझी बोटं प्रेस मशीनखाली गेली. डोळा बी लागला नव्हता, साहेब. पापणी लवली नुसती."

तुमच्यापैकी जे औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहतात, त्यांनी असे हात पाहिलेले असतील. आपण सुट्टे पैसे घेताना क्षणभर थबकतो आणि पुढे जातो. मीही तसाच पुढे गेलेला माणूस.

त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. उलट अधूनमधून दुपारचा तिकडे जाऊ लागलो. मामांचं काम बघण्यासारखं होतं. करंजाची सावली दाट, म्हणून ती वयस्कांना. कडुनिंबाखाली तरुण पोरं. सुबाभळीखाली कुणालाच नाही, कारण वाऱ्यावर तिच्या वाळक्या शेंगा वाजतात. घोरणाऱ्यांची रवानगी मोटारीजवळ. "तिथं दोघांचं जमतं," असं ते गंभीरपणे म्हणत. सावली सरकायची तसे तेही सरकायचे आणि ज्याच्या तोंडावर ऊन येईल त्याच्याजवळच्या फांदीला आपलं उपरणं बांधायचे. अकरा ते चार झाडू बंद, खुरपं बंद. फक्त पाइप घेऊन भोवतालची माती ओली करायची, तीही पाण्याचा आवाज होऊ न देता.

कुणाला किती वाजता उठवायचं ते त्यांना पाठ असे. हाक कधी मारली नाही. पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच दाबायचे.

"वरडून उठवलं की माणूस दचकतो," ते म्हणाले. "दचकलेला माणूस दिसभर दचकलेलाच ऱ्हातो."

त्या पावसाळ्यानंतर माझी आई गेली. तेराव्यानंतर कामावर रुजू झालो, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरी सांगवत नव्हतं. बागेत गेलो तेव्हा मामांनी नेहमीचं विचारलं, आणि मी पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं.

"नाही झाली, मामा. पंधरा दिवस झाले."

त्यांनी करंजाखाली उपरणं अंथरलं आणि माझी चप्पल बाजूला नेऊन ठेवली. दोन अनोळखी कामगारांच्या मधे मी आडवा झालो. वर पानं हलत होती, ओल्या मातीचा गारवा पाठीला लागत होता. मी अडीच तास झोपलो. उठलो तेव्हा रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. मामा तेवढा वेळ पाठ करून वाफे बघत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या बंगल्यांमधून तक्रार आली. कुणीतरी कुंपणावरून फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "दारुड्यांचा अड्डा." आमच्या घरच्या बायकामुलांनी या बागेत जायचं कसं, असा प्रश्न होता. संस्थेनं माझ्याकडे अहवाल मागितला.

मी लिहिलं, "दुपारच्या बंद वेळेत बागेत अनधिकृत व्यक्ती झोपलेल्या आढळल्या."

त्यात खोटं काहीच नव्हतं. याच्यापुढे मी आणखी एक वाक्य लिहिलं होतं, "सदर व्यक्ती रात्रपाळीचे कामगार असून त्यांचा कोणताही उपद्रव नाही." ते मी खोडलं. तुला कसं ठाऊक, असं विचारलं तर? वर्षभर ठाऊक होतं तर कळवलं का नाही? आणि मीही तिथे झोपलो होतो, हे बाहेर आलं तर? मी भ्यालो. याला दुसरा शब्द नाही.

आठवड्यात फाटकाला नवं कुलूप आलं आणि किल्ली कार्यालयात राहू लागली. महिनाअखेर मामांना कामावरून थांबवण्यात आलं. निघायच्या दिवशी ते खुरपं, कात्री आणि पाइप मोजून द्यायला आले. कामगारांबद्दल एकच प्रश्न त्यांनी विचारला.

"साहेब, त्या लिवण्यात थर्ड शिफ्टचं आलं व्हतं का?"

"हो," मी म्हणालो. "लिहिलं होतं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "वाचणाऱ्यानं नसंल वाचलं. तुम्ही काय करणार?"

ते फर्दापूरकडे मुलीजवळ गेले. तिचं तिथे चहाचं दुकान आहे. दीड वर्षानं तिचा फोन आला. बाबा गेले म्हणाली. त्यांच्या फोनमध्ये "बागेचे साहेब" म्हणून माझा नंबर होता, म्हणून कळवत होती.

"तुमचं नाव लई निघायचं," ती म्हणाली. "बाबा म्हनायचे, साहेबांनी माणसांसाठी समदं लिवून दिलं व्हतं. कुणी तरी लिवलं, हेच लई झालं."

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला आणि ते खोडलेलं वाक्य लिहिलं. त्याच्या मागेपुढे सगळं लिहिलं. पत्रे, खोल्या, प्रेस, बोटं. मी स्वतः तिथे झोपलो होतो, तेही. नोकरी जाईल तर जाऊ दे, असं ठरवून कागद संस्थेच्या सचिवांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"अहो, कामगार होते होय ते? मग हे तेव्हाच का नाही कळवलंत? आम्ही कशाला कुलूप घातलं असतं?"

दुसऱ्या दिवशी फाटक दुपारचं उघडं झालं. पाटी बदलली. मी अकरापासून चारपर्यंत आत बसून राहिलो. कुणी आलं नाही. दोन उन्हाळ्यांत ती माणसं पांगली होती. कुणी खोली बदललेली, कुणी कंपनी, कुणी गावी परतलेला. शेजारपाजारी विचारलं तर कुणाला काही सांगता येईना.

अजून मी जाऊन बसतो. करंजाखाली माणसं पडायची तिथे कधी गवत धरत नसे, माती गुळगुळीत झालेली असायची. आता त्या सगळ्या जागेवर घोट्याएवढं गवत आलं आहे. संध्याकाळी फिरायला येणारे लोक थांबून ते बघतात आणि मला सांगतात, यंदा बाग फार छान राखलीत.