बुजवलेली बटणं

३० सप्टेंबर, मंगळवार. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून घरी आले, चहा घेतला आणि ओट्यावर सोल्डरिंग गन तापत ठेवली. काम होतं धाकट्या भावाच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचं. लहानपणी त्यावरून आम्ही दोघं भांडायचो.

भावाचं सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून तो दुकानात उतरला नव्हता. व्यायाम करत नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. कशात तरी त्याचं मन लागावं, एवढंच मला हवं होतं.

सुटे भाग मागवले होते: कवच, बटणं, बटणांखालचं रबर. पिवळं पडलेलं कवच काढलं, रबर बदललं. उडी मारायचं आणि गोळी झाडायचं बटण उजव्या अंगठ्याखाली असतं. त्यांच्या तारा मी डावीकडे मागच्या बाजूला आणल्या, डाव्या तर्जनीने दाबता येतील अशा. उजवीकडची भोकं चकत्या चिकटवून बुजवली, म्हणजे लुळा तळवा पडून भलतंच बटण दाबलं जायला नको. काम नीट झालं होतं. मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कराडहून सांगलीला पोचले तेव्हा भावजयीने पाटावर दुकानातली हत्यारं मांडली होती. मी कंट्रोलरही त्यात ठेवला. ती म्हणाली, ठेवा, हे बी ह्यांचं औषधच हाय. तिने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कोणी उचलत नाही. आमच्याकडे लहान पोरंसुद्धा हात लावत नाहीत.

भाऊ खुर्चीतून बघत होता. तो उठला, भिंत धरत आला, वाकला आणि डाव्या हाताने कंट्रोलर पाटावरून उचलला. फूल खाली पडलं. भावजय "अहो" एवढंच म्हणाली.

त्याने चकतीवरून अंगठा फिरवला.

"अक्का, हे का बुजवलंस?"

मी तळव्याचं कारण सांगितलं.

"म्हणजे हात मोडीत काढलास व्हय माझा? डॉक्टरनं बी अजून न्हाई काढला."

कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवून तो आत गेला. प्रयोगशाळेत निकामी झालेलं यंत्र मी बाजूला काढते, त्यावाचून काम कसं चालेल ते बघते. इथे तेच केलं होतं, आणि त्याला विचारलंही नव्हतं.

भावजय हळूच म्हणाली, "भिंतीकडं तोंड करून बोटं हलवत असत्यात ते. कुणी आलं की थांबवत्यात."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं?

कंट्रोलर तेव्हाच खोलला असता, पण स्क्रूड्रायव्हर पाटावर होता. एका दिवसात दोनदा पूजा मोडायची हिंमत मला झाली नाही.

दसऱ्याला सकाळी भावजयीने पाट हलवल्यावर मी स्क्रूड्रायव्हर पुसून घेतला. चकत्या काढल्या, डावीकडच्या तारा तोडल्या, उजवीकडे पिशवीत उरलेली नवी बटणं बसवली. मग भावाला हाक मारली आणि कवच उजव्या हाताने दाबून धरायला सांगितलं. त्याचा तळवा घसरायचा. मी स्क्रू अर्धा पिळून थांबायचे. तो हात परत ठेवायचा, की मी पुढे पिळायचे. तेवढ्या वेळात भावजयीने चहा दोनदा गरम केला.