मास्तर शेजारी बसले की उतरणारा सूर

अंगात येणं, नजर लागणं, उतारा टाकणं... मला यातलं काही म्हणजे काही पटत नाही. मी वीज खात्यात मीटर तपासायचो. काटा दाखवेल तेवढंच खरं, असा आपला खाक्या. बायको म्हणते, तुम्ही चहासुद्धा पारखूनच पिता!

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची, कोल्हापूरची. नोकरी सांभाळून मी वर्षाला आठ-दहा लग्नांत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. मला शिकवलं दत्तूमास्तरांनी. बँडमध्ये मुख्य चाल वाजवणारं पहिलं क्लॅरिनेट त्यांचं, साथीचं दुसरं माझं. माझं वाद्य लाकडी. एका वरातीत उन्हानं त्याला चीर गेली आणि ते दुरुस्तीला टाकावं लागलं. तेव्हाच ठरवलं, वरातीपुरतं एक वेगळं क्लॅरिनेट घ्यायचं.

पेठ वडगावात एक जण जुनी वाद्यं विकायचे. त्यांच्याकडे दोन निघाली — एक नवं प्लॅस्टिकचं, दुसरं जुनं, काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं. जुनं फुंकलं आणि भाळलोच. काय भरदार आवाज! लगेच उचललं. घरी आणून मुलीच्या कीबोर्डशी जुळवलं, तर पाव सूर चढा! दुकानात दुसऱ्या वाद्याशी मिळवून बघायला हवं होतं, पण तेवढी अक्कल सुचली नाही. सूर उतरावा म्हणून नळीचा जोड बाहेर ओढला, फुंकायची रीड बदलली... ढिम्म. पुन्हा वडगाव गाठलं.

"संस्थानाच्या काळातलं असंल की ते," दुकानदार म्हणाले. "तवा बँडाचे सूरच चढे हुते, पावणं. आन् प्लॅस्टिकचं कालच गेलं."

इकडे मास्तरांचा दम संपत आला होता. बँडमालकानं मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "कुरुंदवाडच्या वरातीत जमलं न्हाय, तर म्हाताऱ्याला घरी बसवतो." मास्तरांना वाजवण्यापलीकडं दुसरं जग नव्हतं. त्यांना सांभाळून घ्यायचं ते मीच, आणि हातात हे चढं धूड!

कुरुंदवाडला भर दुपारी वरात निघाली. मी भीत भीत पहिला सूर लावला... आणि तो मास्तरांच्या सुरात अलगद मिसळला. खरं तर उन्हात तापून सगळीच वाद्यं चढतात. म्हणजे माझं त्यांच्यापेक्षा चढंच राहायला हवं होतं! वरात निभावली, पण घरी येऊन कीबोर्ड लावला, तर पुन्हा पाव सूर चढा.

पुढच्या रविवारी सकाळी कीबोर्ड काखोटीला मारून मास्तरांच्या घरी गेलो. ते कॉटवर बसले होते, त्यांचं क्लॅरिनेट मांडीवर. ते फुंकतही नव्हते. मी वाजवलं — सूर चोख. ते चहा टाकायला आत गेले — सूर चढला. बाहेर आले — उतरला. तीनदा त्यांना आत-बाहेर करायला लावलं.

"आरं, मी काय मीटर हाय व्हय?" मास्तर हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. मला सांग... मी नुस्तं तोंडाला लावून हुबा ऱ्हायलो, तर भागंल का? छातीत वारंच न्हाय ऱ्हायलं रं."

"भागंल की मास्तर," एवढंच म्हणालो.

त्यानंतर दोन हंगाम आम्ही तसंच केलं. मास्तर शेजारी उभे राहून नुसती बोटं फिरवायचे, दोघांचं मी वाजवायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा दम बघा! मालकानंही पुन्हा विषय काढला नाही.

मास्तर गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. ते क्लॅरिनेट आजही पाव सूर चढंच वाजतं, कुणीही शेजारी बसू दे. दुरुस्तीवाल्यांना दाखवलं, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मित्राला विचारलं. त्यानं हवेचं तापमान, ओलावा असं बरंच सांगितलं, पण मास्तर चहा टाकायला आत गेल्यावर काय बदलायचं, ते त्यालाही सांगता आलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. एवढं खरं, की मास्तरांना बँडमधून कुणी काढलं नाही... त्यांच्या शेवटच्या वरातीपर्यंत ते पहिल्या क्लॅरिनेटच्याच जागेवर उभे होते.