टरफलांची पूड

मॉन्स्टेराचं नवं पान पुन्हा वाकडंच उमललं, कडेनं करपलेलं. नर्सरीतल्या बाई म्हणाल्या, “मातीत कॅल्शियम कमी पडतंय. अंड्याची टरफलं वाळवून, कुटून घाला. पण गुण यायला काही महिने लागतील हं.”

महिने! डॉक्टरांनीही ह्यांच्या मांडीच्या हाडाबद्दल हेच सांगितलं होतं. जिन्यावरून पडल्यापासून हे अंथरुणावर आहेत आणि मला एका जागी बसवत नाही. धुतलेले पडदे पुन्हा धुते, उगाच डबे पुसते, दर तासाला कुंडीतली माती चाचपून येते. हाड आतल्या आत जुळत असतं, मुळं आतल्या आत काही शोषत असतात. बाहेर उभ्या असलेल्या माणसानं तोवर काय करायचं, हे कुणीच सांगत नाही.

आज मी टरफलं कुटत होते, तर आतून हाक आली, “अगं, केवढी आदळआपट! आण तो खलबत्ता इकडे. पाय मोडलाय माझा, हात नाहीत मोडले.”

खाटेशेजारच्या स्टुलावर मी खलबत्ता ठेवला. उशीला टेकून ते सावकाश कुटू लागले. मी लगेच वळले, तसे म्हणाले, “बस ना जरा.”

सगळ्या टरफलांची पूड होईपर्यंत मी उठले नाही.