ह तुकडीचा आठवा तास

खिळेमास्तरांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, नाही असं नाही. पण ते सेवापुस्तकापुरतं. शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी खिळेमास्तरच. त्याला कारण ती फळी.

उपनगरातली ती शाळा म्हणजे एक गावच होतं म्हणा ना. तीन हजार मुलं, चार इमारती, पाचवी ते दहावी, आणि प्रत्येक इयत्तेला अ पासून ह पर्यंत आठ तुकड्या. कोणत्या वर्गावर कोणत्या तासाला कोण जाणार, हे दर वर्षी ठरवायचं काम मास्तरांचं. शिकवायचे भूगोल, पण जीव सगळा वेळापत्रकात. त्यांनी सुताराकडून भिंतभर फळी करून घेतली होती आणि तिच्यावर दोन हजार तीनशे चार खिळे स्वतःच्या हाताने ठोकले होते. आडव्या ओळीत वर्ग, उभ्या ओळीत तास. एकेका शिक्षकाच्या एकेका रंगाच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, त्यांना भोकं, आणि ती भोकं खिळ्यात. एकच माणूस एका वेळी दोन वर्गांवर गेला की मास्तरांना ते लांबूनच दिसायचं.

एकदा तपासणीला आलेले साहेब त्या फळीपुढे आ वासून उभे राहिले. म्हणाले, "हे तुम्ही एकट्याने केलंत?"

"छे हो," मास्तर म्हणाले, "खिळ्यांची मदत झाली."

ही गोष्ट मास्तरांनी घरी इतक्यांदा सांगितली, की बायको पुढचं वाक्य आधीच म्हणायची. वर आणि टोला द्यायची, "घरात कॅलेंडरला एक खिळा मारा म्हटलं तर दिवाणावरून हलायला सहा महिने लागतात, आणि तिकडे दोन हजार ठोकून आले!"

असं एकतीस वर्षं चाललं. मग शाळेला साठ वर्षं झाली, आणि मुख्याध्यापिकेने, म्हणजे सगळे जिला मोठ्या बाई म्हणत तिने, मास्तरांना बोलावून घेतलं.

"सर, स्मरणिका काढतोय. शाळेचा इतिहास आणि अभ्यासातली प्रगती हे प्रकरण तुम्ही लिहायचं. तुमच्याइतकं जुनं कोण आहे इथे?"

मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वीटभट्टीच्या पडीक जागेवर दोन पत्र्याच्या शेड, एकोणचाळीस मुलं, पहिल्या हेडमास्तरांनी फळ्याला काळा रंग कमी पडला म्हणून चुलीची काजळी कालवून लावली ती कथा, सगळं त्यांच्या जिभेवर होतं.

"आणि आणखी एक," बाई म्हणाल्या. "दहावीच्या तुकडीवार निकालाचा तक्ता काढा. शनिवारी समितीपुढे विषय आहे. नव्या वर्षापासून नववी ह ला बीजगणित नि विज्ञान ठेवायचं नाही, सोपा अभ्यासक्रम द्यायचा. झेपत नाही त्यांना. आकडे तुमच्या हातून आले की कुणी वाद घालणार नाही."

मास्तर मान डोलावून आले. त्यांना यात वावगं काही वाटलं नाही. ह तुकडी म्हणजे दगडखाणीकडच्या वस्तीतली मुलं, हे शाळेत लहान पोरालाही ठाऊक. प्रवेश येतील त्या क्रमाने तुकड्या भरायच्या. वस्तीतली माणसं लांबून, कामाचा खाडा करून, सगळ्यांत शेवटी यायची. म्हणून त्यांची मुलं ह मध्ये. आणि ह गणितात आपटायची, हेही तितकंच ठाऊक. मास्तरांनी कच्च्या कागदावर स्मरणिकेसाठी पहिलं वाक्य लिहूनही टाकलं: 'दूरच्या वस्तीतील विद्यार्थ्यांना गणित विषय जड जातो.' वाक्य वळणदार झालं म्हणून स्वतःवरच खूष झाले.

दुपारी घंटाबाई चहा घेऊन आली. शाळेची घंटा हिच्या हातात, म्हणून ती घंटाबाई. ती याच शाळेची विद्यार्थिनी, ह तुकडीची. गणिताला दोनदा बसली, दोन्हीदा नापास झाली, आणि शेवटी शाळेतच शिपाई म्हणून लागली. आता तिची लेक आठवीत होती. ह मध्येच.

कप ठेवून ती गेली नाही. "सर, नववीला आमच्या पोरींना विज्ञान देणार नाहीत म्हणतात. खरं का?"

"समिती ठरवेल."

"आकडे तुम्ही देणार ना पण?"

"मी आहेत तसे देणार. पदरचं काही घालणार नाही."

"पदरचं कशाला घालताय?" ती म्हणाली. "लेकीने घरी दाराच्या मागे सगळे ग्रह काढलेत खडूने. पुसू का ठेवू, एवढं सांगा म्हणजे झालं." आणि उत्तराची वाट न बघता गेली. पाचव्या तासाची घंटा द्यायची होती.

रविवारी शाळा रिकामी असताना मास्तर तक्ता मांडून बसले. ह तुकडी, गणित: चव्वेचाळीसपैकी तेरा पास. पुढच्या वर्षी सत्तेचाळीसपैकी बारा. मग चौदा, अकरा, तेरा. मास्तर पेन्सिलीने भराभर उतरवत होते. आणि मध्येच एका ओळीवर हात थांबला. सेहेचाळीसपैकी चौतीस.

मास्तरांना वाटलं, कारकुनाने ओळ चुकवली. मूळ रजिस्टर काढलं, चष्मा पुसला, बोट ठेवून ठेवून मोजलं. चौतीसच. वस्ती तीच, बाकं तीच, गणिताचे शिक्षकही तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा बारा. आणि आता नजर गेलीच होती म्हणून त्यांनी दुसरे रकाने पाहिले. ह तुकडी भाषेत बरी होती, इतिहासात बरी होती. भूगोलात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या विषयात, तर क आणि ड च्या बरोबरीने. हे त्यांना माहीत होतं. त्याचं श्रेय मात्र ते आजवर स्वतःच्या शिकवण्याला देत आले होते.

कोणतं हो हे वर्ष? मग एकदम आठवलं. त्या वर्षी त्यांना टायफॉइड झाला होता. अडीच महिने अंथरूण. वेळापत्रक चित्रकलेच्या बाईंनी लावलं होतं, आणि त्याच्यावर सबंध शाळा वर्षभर हसली होती. बाई चणीने इतक्या लहान, की फळीच्या वरच्या ओळींना हात पुरेना. स्टूल मागवलं, ते डगमगायला लागलं. तेव्हा त्यांनी सरळ खालून सुरुवात केली.

फळीवर सगळ्यांत खाली ह होती.

मास्तर उठले. दर वर्षीचं वेळापत्रक ते मोठ्या कागदावर उतरवून त्याची गुंडाळी कपाटावर ठेवत. आपल्या मागे कुणाला लागलं तर असावं म्हणून. त्यांनी त्या सगळ्या गुंडाळ्या खाली काढल्या, सुतळ्या सोडल्या आणि चित्रकलेच्या वर्गात जमिनीवर पसरल्या. कोपऱ्यांवर डस्टर, शाईच्या दौती, स्वतःच्या चपला ठेवल्या. आणि गुडघ्यांवर रांगत एकेक कागदाची शेवटची ओळ वाचू लागले.

गणित, आठवा तास. गणित, आठवा तास. आठवड्यातले पाच दिवस. या वर्षी, त्या वर्षी, पोरीचं लग्न झालं त्या वर्षी, साहेब आ वासून उभे राहिले त्या वर्षी. त्यांची लावायची रीत साधी होती: आधी अ, मग ब, मग क. चांगले तास वरच्यांना जात गेले, आणि तळाला जे उरेल ते ह ला. दर वर्षी जवळजवळ तेच उरत होतं.

तरी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आठवा तास तर आठवा तास. चाळीस मिनिटं ती चाळीस मिनिटंच की.

सोमवारी घंटाबाईला थांबवून त्यांनी विचारलं, "तू शिकत होतीस तेव्हा आठव्या तासाला गणितच असायचं ना?"

"असायचं."

"मग? दमून जायचात का?"

घंटाबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही मास्तरांनी तिला सूर्य कुठून उगवतो ते विचारलं होतं. "सर, आमची बस पाच वाजता असते."

"मग?"

"तास लागतो चार चाळीसला. फाटकापर्यंत चालायला पाच मिनिटं, बसला रांग. म्हणजे दहा मिनिटं बसायचं आणि दप्तर उचलायचं. ती बस चुकली की पुढची साडेसातला. कोण थांबू देणार पोरींना?"

"अजूनही?"

"बस काय बदललीय होय?"

"आणि सर जाऊ देतात?"

"न देऊन काय करतील? त्यांच्यापुढे नऊ-दहा डोकी राहतात. धडा पुढे कसा सरकणार?"

"अगं, एवढ्या वर्षांत कुणी मला बोललं का नाही?"

"वेळापत्रकाला कोण बोलणार, सर? आम्हाला वाटायचं ते वरून येतं. परीक्षेची तारीख येते तसं." मग म्हणाली, "आणि तुम्ही तेव्हा दिसायचात कुठे?"

हे मात्र वर्मी लागलं. एकतीस वर्षांत मास्तरांनी आठवा तास एकदाही घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशीचे बदली तास काढायला म्हणून तो त्यांनी स्वतःसाठी मोकळा ठेवला होता. खोलीत बसायचे, फळी न्याहाळायचे, आणि मागच्या फाटकाने पायी घरी. बस कशी दिसते हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

घरी ते जेवले नाहीत. बायको ताट झाकून समोर येऊन बसली. सगळं ऐकून घेतलं. खिळ्यांवरून टोमणा येईल म्हणून मास्तर वाट बघत होते, तो आला नाही. तेच जास्त लागलं.

"पंधराशे मुलं होतात," मास्तर म्हणाले. "थोडी कमीच असतील."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"नाही."

"मग गप्प बसलात तर कुणाला कळणार आहे?"

"कुणालाच नाही. गुंडाळ्या माझ्याच कपाटावर आहेत."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "निवृत्तीला एक वर्ष राहिलं. सगळे हसतील हो तुम्हाला."

"हसले तर बरंच."

"जेवा तरी मग," ती म्हणाली. "उपाशीपोटी काय सांगणार आहात त्यांना?"

शनिवारी मास्तर समितीपुढे गेले ते काखेत दोन गुंडाळ्या घेऊन: एक त्यांची, एक चित्रकलेच्या बाईंची. निकालाचा तक्ता सगळ्यांना वाटून झाला होता. अध्यक्ष याच शाळेचे, अ तुकडीचे. ते म्हणाले, "आकडे बोलके आहेत. ह तुकडीचा विषय मंजूर समजू या?"

"आकड्यांच्या आधी हे बघा," म्हणून मास्तरांनी टेबलावर कागद उलगडले, आणि बस, आठवा तास, टायफॉइड, डगमगणारं स्टूल, सगळं सांगून टाकलं. एरवी गोष्ट रंगवणारा माणूस, पण त्या दिवशी एक शब्द जास्त बोलला नाही. स्टुलाच्या वेळी एकजण हसला, आणि दुसरं कुणी हसत नाही हे पाहून खोकला.

"मास्तर, मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही," अध्यक्ष समजुतीने म्हणाले.

"मुद्दाम केलं असतं तर एखाद्या वर्षी विसरलो असतो. सवयीने केलं, म्हणून एकदाही विसरलो नाही."

"पण एका वर्षाच्या निकालावर..."

"तो एकच निकाल खरा आहे. बाकीच्या तीस वर्षांत त्यांना गणित शिकवलंच नाही आपण. जे शिकवलं नाही ते झेपत नाही कसं म्हणायचं?"

मोठ्या बाई खाली मान घालून तक्त्याचा कोपरा दुमडत होत्या. त्यांनीही त्या शाळेत बावीस वर्षं काढली होती.

शेवटी काय ठरलं? समित्या ठरवतात तसंच अर्धंमुर्धं ठरलं. विषय एक वर्ष पुढे ढकलला. वर्षभरात ह चा गणिताचा निकाल सुधारला नाही, तर सोपा अभ्यासक्रम लागू. आणि मास्तरांनी स्मरणिकेसाठी या सगळ्यावर जे पानभर लिहिलं होतं ते घ्यायचं नाही. साठ वर्षांच्या आनंदात असलं कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. काजळीची गोष्ट मात्र फोटोसह छापायची. गणित जड जातो हे आपलं वळणदार वाक्य तेवढं मास्तरांनी प्रकरणातून हट्टाने खोडून टाकलं. पान काही छापून आलं नाही.

सुट्टीत मास्तरांनी फळी रिकामी केली. चिठ्ठ्या काढून रंगांचे ढीग लावले. गणिताची हिरवी चिठ्ठी उचलली आणि हात सवयीने वर, अ च्या ओळीकडे गेला. त्यांनी तो खाली आणला. खालच्या ओळीसाठी वाकवेना, म्हणून जमिनीवरच बसले.

घंटाबाई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"ह पासून लावतोय," मास्तर म्हणाले. "पहिल्या-दुसऱ्या तासाला गणित. आठव्याला खेळ."

"मग आता शेवटी कुणाला उरेल?"

मास्तरांनी यावर आठ दिवस डोकं घातलं होतं. "गणिताचा आठवा तास दर दिवशी वेगळ्या तुकडीला. अ लाही एक दिवस येईल. पालक ओरडतील. ओरडू देत."

ती आत आली, हिरव्या चिठ्ठ्यांचा ढीग उचलून त्यांच्या हाताशी आणून ठेवला, आणि तिथेच टेकली.

"तू त्या वेळी पास झाली असतीस, बहुतेक," मास्तर म्हणाले. कितीतरी दिवस हे वाक्य ते मनात घोळवत होते.

"असते," ती म्हणाली. तिने 'बहुतेक' गाळलं. "सर, ते आता राहू द्या. मी काही तुम्हाला माफ-बिफ करायला बसले नाही. एकच वर्ष दिलंय त्यांनी. लावा लवकर."

मास्तरांनी हात पुढे केला. तिने चिठ्ठी दिली. नववी ह, सोमवार, पहिला तास. खिळा जरा वाकडा झाला होता. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी तो अंगठ्याने दाबून सरळ केला, आणि चिठ्ठी अडकवली.

"पुढची," ते म्हणाले.