सुनंदाताईंचं उत्तर

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, स्टाफरूममध्ये वीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मित्राजवळही नाही. तुमच्याजवळच का बोलतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर हसून विचारलं असतं, "काय पातोडी सर, कसं काय?" — आणि मी तोंड मिटून घेतलं असतं.

पातोडी सर. हे माझं नाव नाही, हे आधी सांगतो. मी पुलगावला एका हायस्कुलात मराठी शिकवतो. वय त्रेपन्न. शुद्धलेखनाबद्दल मला थोडी — थोडी कशाला, बरीच — घमेंड आहे. लग्नपत्रिका हातात आली की आधी चुका शोधतो, मग मुहूर्त बघतो.

माझी बायको वनिता आष्टीकडच्या एका खेड्यातली. तिच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हणतात. मी कधी म्हटलं का? आठवत नाही. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, घरात आम्ही दोघंच उरलो आणि वनितानं मोबाइलवर स्वतःचं पेज काढलं. ओट्याशेजारी डबे रचायचे, त्यावर मोबाइल उभा करायचा आणि बोलत बोलत स्वयंपाक करायचा. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. पण सहा महिन्यांत हजारो माणसं तिचं बघू लागली. भाजी बघायची, आणि त्याहून जास्त, तिचं बोलणं ऐकायची. "पाहा बरं, तेल सुटून राह्यलं. आता घाई नाई करायची. घाईनं भाजी रुसते." असं बोलायची ती. आपल्या घरात जन्मभर बोलली तसंच.

मग एक दिवस तिनं पातोडी रस्सा केला. बेसनाच्या वड्या थापता थापता हसली आणि म्हणाली, "आमच्या सरायले पंचवीस वर्षं झाले मी काय खाऊ घालून राह्यली ते समजत नाई. एक दिवस मी पातोड्या टाकल्याच नाई, नुसता रस्सा वाढला. नजर मोबाइलवर. जेवले, उठले, अन् म्हणतात — पातोडी मस्त झाली होती!"

तो व्हिडिओ पुलगावात पाहिला नाही असा माणूस राहिला नाही. स्टाफरूममध्ये माझा डबा उघडला की कुणीतरी वाकून बघायचं, "सर, आज आत आहे ना काही?" मुख्याध्यापकही हसले. आणि एका सकाळी नववीच्या वर्गात गेलो, तर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं — पातोडी. काना, मात्रा, वेलांटी सगळं बिनचूक. ज्या वर्गाला मी वर्षभरात 'विद्यार्थी' हा शब्द नीट लिहायला शिकवू शकलो नव्हतो, त्या वर्गानं.

घरी येऊन म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाक.

"काऊन काढू?" ती म्हणाली. "लोकायले आवडून राह्यला ना. तुमच्यावर कोणी रागावलं का? हसूनच तर राह्यले."

मी भांडलो नाही. भांडणारा माणूस भांडून निवतो. मला निवायचंच नव्हतं. मला तिला रडताना बघायचं होतं — हे असं स्पष्ट सांगायला नको वाटतं, पण तेच खरं. तिनं माझं चारचौघांत हसं केलं, तर तिची जी चारचौघांत वाहवा होते, तिलाच चूड लावायची. आणि तीही अशी, की धूर कुठून येतो ते तिला कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या तासाला मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो. तिथं कुणी येत नाही. तिथं माझ्या मोबाइलवर सुनंदाताईंचा जन्म झाला. फोटोच्या जागी झेंडूचं फूल. राहणार पुणे. आवड — वाचन आणि पाककला. बाईच का? पुरुषानं नावं ठेवली असती तर वनिता म्हणाली असती, जाऊ द्या, माणसायले काय समजते. बाईचा शब्द बाईला लागतो, एवढं मला माहीत होतं. आणि कुठं लागेल हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी पंचवीस वर्षं तिच्या ओट्यापासून चार पावलांवर बसलो होतो.

सुनंदाताईंचा पहिला अभिप्राय मला अजून पाठ आहे. "कृती चांगली. मात्र 'सांबार चिरून घ्या' म्हणजे काय? सांबार इडलीबरोबर खातात. हिला कोथिंबीर म्हणतात." आता तुम्हीच सांगा, आपल्या इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणत नाहीत असं एक तरी घर आहे का? माझी आईही सांबारच म्हणायची. 'मले' म्हणायची, 'तुले' म्हणायची. मीही म्हणायचो, बीएडला जाईपर्यंत. हे सगळं ठाऊक असून लिहिलं.

मग रोज एक. "फल्ली नव्हे, शेंगदाणे." "'करून राह्यली' हे कोणत्या व्याकरणात बसतं?" "आपण हजारो लोकांसमोर बोलता, थोडा अभ्यास करावा." शिवी एकही नाही. सुनंदाताई सभ्य होत्या. अमरावतीच्या एका बाईनं त्यांना लिहिलं, "ओ मॅडम, तुमाले नाई आवडत तर येता काऊन इथं?" — आणि विश्वास ठेवा, सुनंदाताईंच्या वतीनं माझा संताप झाला! त्या बाईशी मी दोन रिकामे तास वाद घातला. तिच्या वाक्यातल्या पाच चुका दाखवल्या.

संध्याकाळी वनिता चहा घेऊन बसायची आणि मोबाइल माझ्यापुढं धरायची. "पाहा ना, ह्या ताई काय म्हणतात." मी चष्मा लावून माझंच लिहिलेलं वाचायचो. सावकाश वाचायचो. म्हणायचो, "बोलायला कडक आहेत, पण चूक काही बोलत नाहीत." तिचा चेहरा उतरायचा. आणि मला चहा गोड लागायचा.

मला वाटलं होतं, ती चिडेल, दोन दिवस रडेल, पेज बंद करेल. तिनं तसं केलं नाही. ती सुधारायला लागली! मला म्हणाली, "तुम्ही मराठीचे सर आहात, मले शुद्ध बोलायला शिकवा." पंचवीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काही शिकवा म्हटलं होतं. मी शिकवलं. ओट्याजवळ उभं राहून ती 'मी कोथिंबीर चिरून घेत आहे' असं म्हणायची, पाढे म्हटल्यासारखं. बाजारात भाजीवालीजवळ जाऊन तिनं "कोथिंबीर द्या" म्हटलं. ती भाजीवाली तिला पंधरा वर्षांपासून ओळखणारी. तिनं हातातली जुडी खाली ठेवली आणि विचारलं, "तब्येत बरी नाई का वहिनी?"

हे तिनं मला घरी येऊन सांगितलं, पण हसली नाही. मी मात्र न्हाणीघरात जाऊन हसून घेतलं.

पेजवरची माणसं कमी होऊ लागली. लोक लिहायचे, ताई, तुम्ही पहिल्यासारखं बोला ना. मीठ घालताना ती अडायची, वाक्य चुकलं की मोबाइल बंद करून पहिल्यापासून सुरुवात करायची. भाजी तोवर करपलेली. तरी ती सुनंदाताईंवर रागावली नाही. उलट रस्त्यानं चालताना मला म्हणायची, "ह्यावेळी सुनंदाताईंना आवडेल असं वाटतं." आता गंमत बघा — मला त्या बाईचा हेवा वाटू लागला. मला काय आवडेल, हे तिनं विचारणं कधीच सोडलं होतं. की मीच कधी सांगितलं नव्हतं?

इथवरचं तुम्ही कदाचित हसण्यावारी न्याल. नवरा-बायकोतली खोडी, म्हणाल. इथंच थांबलो असतो तर मीही तसंच म्हटलं असतं. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. मी आतापर्यंत कडेकडेनं फिरतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

एका दुपारी प्रयोगशाळेत बसलो असताना सुनंदाताईंना खासगी मेसेज आला. वनिताचा. अर्धा माझ्या शिकवणीतल्या भाषेत होता, पुढं ती भाषा सुटत गेली होती.

तिनं लिहिलं होतं — ताई, तुम्ही खरं बोलता म्हणून तुम्हाला लिहिते आहे. बाकी सगळे गोड बोलतात. आमचे सर चांगले आहेत. पीत नाहीत, कधी हात उचलला नाही. पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत जात नाही. तो पातोडीचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. ते मी गंमत म्हणून केलं नव्हतं ताई. त्यात ज्या दिवसाचं सांगितलं, त्या दिवशी सकाळपासून मी त्यांना तीनदा सांगितलं होतं, की माझ्या छातीत गाठ लागून राह्यली, डॉक्टरकडे जाऊ. ते हो म्हणाले. तिन्ही वेळा हो म्हणाले, अन् शाळेत गेले. म्हणून संध्याकाळी नुसता रस्सा वाढला. मले पाहायचं होतं की ह्यांना काय समजते. मग मी एकटीच वर्ध्याला गेली. गाठ साधी निघाली. दर सहा महिन्यांनी दाखवा म्हणाले. ह्यांना अजून माहीत नाई. त्या व्हिडिओत मी हसली, पण मले रडू येऊन राह्यलं होतं. मी चुकली का ताई?

मी ते दोनदा वाचलं.

तुम्हाला वाटेल, मी धावत घरी गेलो असेन. कुणीही गेला असता. शाळेपासून घर दहा मिनिटांवर आहे. मला ती सकाळ आठवते का, म्हणून मी आठवून पाहिली — नाही आठवली. तिनं सांगितलं असेल. मी हो म्हटलं असेल. मला लाज वाटायला हवी होती, आणि आतून काहीतरी वर आलंही, पण ते लाज म्हणून टिकलं नाही. त्याचा रागच झाला. हिनं हे एका परक्या बाईला सांगितलं! म्हणजे आधी मला गावात मूर्ख ठरवलं आणि आता पुण्यापर्यंत नालायक ठरवलं. ती परकी बाई मीच होतो, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हतं. की होतं? होतं. आणि म्हणूनच संधी हातची जाऊ दिली नाही.

सुनंदाताईंनी उत्तर लिहिलं. "वनिताबाई, नवऱ्याचं जगापुढं हसं करणाऱ्या बाईनं सहानुभूती मागू नये. ऐकण्यासारखं बोललं तर माणूस ऐकतोच. तुमच्या बोलण्यात ऐकण्यासारखं काय आहे, हे आधी स्वतःला विचारा. मला तरी आजवर काही सापडलं नाही."

पाठवण्याआधी मी ते तपासलं. एका ठिकाणी अनुस्वार राहिला होता. तो दिला, आणि मग पाठवलं.

दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं. "बरोबर आहे ताई."

त्या संध्याकाळी तिनं नेहमीसारखा स्वयंपाक केला. डोळे सुजलेले होते. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो — त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. भाजीला काय होतं तेही नीट पाहून जेवलो.

दुसऱ्या दिवशी पेज नव्हतं. सगळे व्हिडिओ गेले, पातोडीचाही गेला. म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. पातोडी सर हे नाव मात्र राहिलं, ते आता निवृत्तीबरोबरच जाईल. आणि वनिताचं बोलणं गेलं. भांडून नव्हे. दूध आलं, गॅस संपला, लाइट गेली, एवढं ती सांगते — शुद्ध भाषेत. ओट्यापाशी स्वतःशी पुटपुटायची, भाजीला रागवायची, ते सगळं बंद झालं. आता घरात कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात.

दिवाळीत मुलगी आली. जेवताना आईला म्हणाली, "आई, पेज काऊन बंद केलं तू? माझ्या ऑफिसमधल्या पोरी विचारतात."

वनिता म्हणाली, "एक ताई होत्या. त्यांनी माझे डोळे उघडले."

मुलीनं सगळं खोदून काढलं. मेसेजचं सोडून बाकी सगळं वनितानं सांगितलं. पोरगी भडकली. "ते बाई मले एकदा भेटली पाहिजे," म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाबा, तुम्ही घरातच होते ना? तुम्ही काही नाई बोलले तिला?"

वनिता माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी म्हटलं, "बायकांच्या भानगडीत मी कशाला पडू?"

वनितानं मान खाली घातली आणि माझ्या ताटात पोळी वाढली.

सुनंदाताईंचं खातं मी अजून बंद केलेलं नाही. तो मेसेज तिथं आहे. त्या गाठीबद्दल मी वनिताला आजवर एक शब्द विचारलेला नाही. विचारलं तर तुम्हाला कुणी सांगितलं, हे ती विचारेल. दर सहा महिन्यांनी ती सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जाते. बहिणीकडं जाऊन येते म्हणते. कुठं जाते ते मला माहीत आहे. मी तिला स्कूटरवर स्टेशनला सोडतो, गाडीत बसवतो, आणि पहिल्या तासाला शाळेत हजर असतो.