हंगामी कोच दत्ताभाऊ

दत्ताभाऊंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. आमच्या शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटवर जेवायला आले की ताट हातात घेऊन हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल अशा फेऱ्या चालायच्या. वरणभातसुद्धा चालता चालता. माझी मुलगी मान वळवून वळवून बघायची आणि विचारायची, "बाबा, इज अंकल लुकिंग फॉर समथिंग?"

दत्ताभाऊ घास गिळून म्हणायचे, "व्हय बाळा. हेड कोचची नोकरी हुडकतोय. तुमच्या गॅलरीत पडली असली तर बघ."

शारजाच्या एका फुटबॉल क्लबात ते असिस्टंट कोच होते. मी त्याच क्लबाच्या ऑफिसात खेळाडूंचे व्हिसा आणि विमानाची तिकिटं बघायचो. फुटबॉलचं माझं ज्ञान एवढंच, की चेंडू हाताला लागला की लोक ओरडतात. क्लबचे अध्यक्ष मोठे व्यापारी. आम्ही सगळे त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणायचो. त्यांच्या दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामांचे मॅनेजर विनायकराव, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. माझी नेमणूक कशी झाली हे यापुढे सांगायला नको. तिकडे याला वास्ता म्हणतात, आपण वशिला म्हणतो.

पहिल्याच दिवशी मैदानाच्या कडेला मला दोन माणसं दिसली. एक उंच, गोरा, डोक्यावर हॅट. दुसरा बुटका, काळासावळा, गळ्यात शिटी. मी गोऱ्यापुढे जवळजवळ वाकून "गुड मॉर्निंग, कोच" म्हटलं आणि दुसऱ्याला फर्मावलं, "भाईसाब, कोच साब के लिए एक कुर्सी लाना." बुटक्यानं खरंच खुर्ची आणली, गोऱ्याला बसवलं, माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचलं आणि कानाशी येऊन कोल्हापुरी मराठीत म्हणाला, "हा बाबा गवताचं बी विकायला आलाय. कोच मी हाय. म्हंजे, आज तरी. पुण्याचा न्हवं तू?"

तेव्हापासून मी 'पुणेकर'.

'आज तरी' याचा अर्थ हळूहळू कळला. हेड कोच युरोपातून यायचा, नाहीतर ब्राझीलहून. येताना आपला माणूस घेऊन यायचा. कुणी मेहुणा फिटनेसला, कुणी मुलगा गोलकीपरांना शिकवायला. चार सामने हरले की सगळं कुटुंब विमानतळावर. मग नवा येईपर्यंत संघ दत्ताभाऊंकडे. "यल्ला हबीबी, पळ की रं!" असं ते कडेनं ओरडायचे आणि अरबी पोरं खरोखर पळायची. दोन-तीन सामने जिंकून द्यायचे, तोवर नवा गोरा हजर. "दरवेळी घोडं माझ्याकडनं फिरवून घेत्यात," ते म्हणायचे, "आणि वरात दुसऱ्याचीच निघती."

एका वर्षी संघ खालच्या डिव्हिजनला घसरायच्या बेतात होता. हेड कोचला हाकललं, दत्ताभाऊंनी संघ हातात घेतला आणि वाचवला. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर घेतलं. उन्हाळ्यात त्यांचा करार संपणार होता, पन्नाशी उलटलेली. "औंदा न्हाई तर कवाच न्हाई, पुणेकर," ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या, की आमच्या खालच्या मजल्यावरचे मल्याळी शेजारी वर येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

मला वाटलं, या माणसाकडे सगळं आहे, फक्त वशिला नाही. आणि त्या विषयात तर माझा हात धरणारा कुणी नव्हता. शुक्रवारी लगूनच्या काठी फिरताना मी विनायकरावांना गाठलं.

"जावईबापू, मी गोदामवाला. फुटबॉलमध्ये माझा शब्द?"

"अरबाब तुमचा शब्द मोडत नाहीत. एकदा फक्त म्हणा, दत्ताभाऊंना हेड कोच करा."

विनायकरावांनी शब्द टाकला. पुढच्या आठवड्यात नेमणुका लागल्या. हेड कोच: युरोपातले एक गृहस्थ. असिस्टंट: त्यांचा जावई. टीम मॅनेजर: मी.

मी धावत विनायकरावांकडे गेलो. ते कपाळाला हात लावून बसले होते. "अहो, मी दत्ताचंच नाव घेतलं. तर अरबाब हसले. म्हणाले, विनायक, तू फार लाजतोस. परक्यासाठी कुणी आपला शब्द खर्च करतं का? तुझा मेहुणा माझ्या क्लबात आहे, मला माहीत आहे. खलास, मी बघतो."

मी नकार द्यायला निघालो, तर बायको दारात. "अहो, आता नाही म्हणालात तर दादाचा शब्द जाईल." मी ब्लेझर शिवायला टाकला. पहिल्याच सामन्यात समोरच्या संघानं गोल केल्यावर उठून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी दोन्ही संघांनी जर्सीचे रंग बदलले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दत्ताभाऊ सामान आवरायला आले. माझ्या टेबलाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या.

"दत्ताभाऊ, मी खरंच तुमच्यासाठी..."

"ठावं हाय मला. तुझ्यावर राग न्हाई, लेका. अरबाबानं मला काय सांगितलं म्हाईत हाय? 'तुमच्यातला एक घेतला की.'" ते थांबले. "गोरे चार आले तर ते चार कोच. आमच्यातला एक घेतला की झाली आमची भरती. आणि तो एक कोण? तू! टाळ्या वाजवणारा!"

मग एवढ्या मोठ्यानं हसले की मीही हसलो. हसणं थांबल्यावर त्यांनी शिटी खोक्यात टाकली आणि खोकं उचललं.

पुढे रास अल खैमाच्या एका छोट्या, खालच्या डिव्हिजनच्या क्लबानं त्यांना बोलावलं. हेड कोच. 'आज तरी' नाही, पक्के. असिस्टंट निवडायचा अधिकारही त्यांचाच. नेमका त्याच वेळी त्यांच्या बहिणीचा मुलगा रणजित कोल्हापूरहून व्हिजिट व्हिसावर आलेला. कोचिंगचा डिप्लोमा केलेला, चुणचुणीत मुलगा. दुसरा उमेदवार इद्रिस: आमच्या क्लबाचा जुना सुदानी बचावपटू, राखीव संघाला शिकवणारा. त्याला कुणी कधी असिस्टंटसुद्धा केलं नव्हतं.

दत्ताभाऊंच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला फोन केला. "तुम्ही समजावा त्यांना. नणंदबाई रोज रडतायत. मामा हेड कोच, आणि भाचा परत जाणार?"

समजावण्याच्या कामाला मी! गेलो गाडी काढून. दत्ताभाऊ मैदानाच्या रेषेवरून चालत होते, मी मागे पळत.

"अहो, ते लोक जावई आणतात, मुलगा आणतात. तुम्ही भाचा घेतलात तर काय आभाळ कोसळेल?"

"कोसळत न्हाई. तेच तर वाईट हाय."

"रणजित वाईट आहे का?"

"पोरगं चांगलं हाय. इद्रिस जास्त चांगला हाय. दोघांस्नी आठवडाभर पोरं दिली होती. इद्रिसच्या हाताखाली ती एकमेकांस्नी हाका मारून खेळाय लागली. रणजितच्या हाताखाली माझ्याकडं बघत खेळत होती." ते माझ्याकडे वळले. "इतकी वर्षं ज्याच्यासाठी शिव्या घातल्या, तेच मी पहिल्या दिवशी करू व्हय? मग त्या शिव्या मला लागत्यात."

"आणि तुमची बहीण?"

ते पुन्हा चालू लागले.

क्लबाचा सेक्रेटरीही कोड्यात पडला होता. भाचा दारात असताना हा माणूस सुदान्याचं नाव का घेतो? "हा तुझा कोण?" असं त्यानं इतक्यांदा विचारलं, की दत्ताभाऊ वैतागून अरबीत म्हणाले, "माझ्या बहिणीचा मुलगा." सेक्रेटरीनं सव्वासहा फुटी इद्रिसकडे पाहिलं, दत्ताभाऊंकडे पाहिलं, "माशाल्ला" म्हणाला आणि सही केली. ही गोष्ट इद्रिस पुढे कितीतरी वर्षं हसत सांगायचा. दत्ताभाऊ ऐकताना हसायचे नाहीत.

रणजित परत गेला. त्या दिवाळीत भाऊबीजेच्या संध्याकाळी मी सहकुटुंब रास अल खैमाला गेलो होतो. माझ्या बायकोनं दत्ताभाऊंना ओवाळलं. मग ते मोबाइल घेऊन अंगणात गेले. मी पाठोपाठ. बहिणीच्या कोल्हापूरच्या घरच्या फोनची घंटी मला त्यांच्या शेजारी उभ्या उभ्या ऐकू येत होती. वाजून वाजून बंद झाली.

"बाहेर गेल्या असतील," मी म्हणालो.

"न्हाई. घरातच हाय. फोनम्होरं पाट मांडून बसली असंल." त्यांनी पुन्हा नंबर लावला. "वाजू दे. मी लावतोय एवढं तरी तिला कळू दे."